सामाईक दिनदर्शिका आणि दुसऱ्याचा वेळ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे एका माध्यमिक शिक्षकाने दिलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात माझ्यासारख्या शाळामास्तराला बोलावण्यात आले, हा मी शिक्षकाच्या पेशाचा मान समजतो. विषय मात्र चिटणिसांनी असा दिला आहे की, तो ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संगणकावरील, आणि आता हातातल्या फोनवरील, सामाईक दिनदर्शिकेचा उपयोग करून भेटी व सभा कशा ठरवाव्यात, हा तो विषय. ज्या संस्थेचा कारभार पन्नास वर्षे एका लांबट वहीवर आणि तोंडी निरोपांवर चालला, तिला ही नवी विद्या कशाला हवी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैर नाही. त्याचे उत्तर द्यावे, आणि हे साधन वापरताना कोणते पथ्य पाळावे तेही सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

पहिली गोष्ट ही की, ही विद्या आपण समजतो तितकी नवी नाही. शाळा उघडण्याच्या आधीचे चार दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत काय चालते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना ठाऊक आहे. दहा तुकड्यांची शाळा घ्या. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तास आणि शनिवारी सकाळचे ५, म्हणजे एका तुकडीचे आठवड्याला ४५ तास. दहा तुकड्यांचे ४५०. या ४५० चौकोनांत नावे भरताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत असता कामा नये. एका वर्गावर एकाच वेळी दोन शिक्षक जाता कामा नयेत. आणि प्रयोगशाळा एकच असेल तर तेथे एका वेळी एकच तुकडी जावी. माणूस, जागा आणि वेळ या तिहींचा मेळ घालणे, हेच वेळापत्रकाचे सारे शास्त्र. कचेरीतील सभा असो, दवाखान्यातील भेट असो की आपल्या सभागृहातील मुंज असो, यापेक्षा वेगळे काही त्यात नाही.

घरातही आपण हेच करीत आलो आहोत. १९७३ सालापासून निघणारे 'कालनिर्णय' मराठी घरांच्या भिंतीवर लागले, ते केवळ तिथी आणि सण पाहण्यासाठी नव्हे. गॅसचे सिलिंडर कोणत्या दिवशी लावले, दूध कोणत्या दिवशी आले नाही, धाकट्याला डॉक्टरकडे पुन्हा कधी न्यावयाचे, हे सारे गृहिणीने त्याच चौकोनांत बारीक अक्षरात लिहिले. लिहिणारी एकटी आणि वाचणारे घरातील सगळे, अशी ती सामाईक दिनदर्शिकाच होती.

ऑनलाइन दिनदर्शिका म्हणजे हाच तक्ता, पण भिंतीवरून उतरून प्रत्येकाच्या हाती आलेला. भिंतीवरील वेळापत्रकात बदल झाला तर तो ज्याने जाऊन पाहिला त्यालाच कळतो. येथे चिटणिसांनी एका ठिकाणी वेळ बदलली की, ज्यांना परवानगी दिली आहे त्या सर्वांच्या फोनवर ती बदललेली दिसते. मग कोणी शहापुरात असो, पुण्यात असो की दुबईत असो. हे साधन प्रथम रुळले ते मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत. तेव्हा एका संगणकव्यवस्थेत केलेली नोंद दुसऱ्या व्यवस्थेस सहसा वाचता येत नसे. ती अडचण दूर व्हावी म्हणून १९९८ साली 'आयकॅलेंडर' नावाचा एक समान लेखनसंकेत ठरविण्यात आला, आणि २००९ साली तो सुधारण्यात आला. आज एका कंपनीच्या दिनदर्शिकेतून धाडलेले निमंत्रण दुसऱ्या कंपनीच्या दिनदर्शिकेत उघडते, ते त्यामुळे. 'गुगल कॅलेंडर' २००६ च्या एप्रिल महिन्यात लोकांसाठी खुले झाले. व्यक्तिगत उपयोगासाठी त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून आपल्यासारख्या संस्थांच्या हाती बहुधा तेच येते. त्याच्याच आधाराने मी पुढचे सांगतो.

समजा, शिष्यवृत्तीच्या मुलाखती ठरवावयाच्या आहेत. दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकोनावर बोट ठेवले की नोंदीचे कोरे पान उघडते. प्रथम नाव लिहावयाचे. पुष्कळ लोक येथे नुसते 'मीटिंग' असे लिहून मोकळे होतात. पत्राच्या पाकिटावर 'पत्र' असे लिहिण्यासारखेच ते झाले. 'शिष्यवृत्ती मुलाखती, दहावी उत्तीर्ण गट' असे लिहिले म्हणजे वाचणाऱ्यास तयारी काय करावयाची ते कळते. मग आरंभाची वेळ आणि शेवटची वेळ. शेवटची वेळ लिहिण्याचा आपल्याकडे कंटाळा आहे, पण सभेला येणाऱ्यास घरी परत कधी जाता येईल हे जाणण्याचा अधिकार आहे. त्यानंतर जागा, त्यानंतर ज्यांना बोलावयाचे त्यांचे ई-मेल पत्ते, आणि शेवटी तपशिलाच्या रकान्यात सभेपुढील विषय व सोबत आणावयाचे कागद. आठवण केव्हा द्यावी तेही सांगता येते: एक दिवस आधी एकदा आणि अर्धा तास आधी एकदा, एवढी पुरे होते. कार्यकारी मंडळाची सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होत असेल, तर ती एकदाच लिहून दर महिन्यास पुन्हा येईल अशी योजना करता येते.

दवाखान्यासाठी आणखी एक सोय आहे. डॉक्टरांनी आपल्या मोकळ्या वेळा एका पानावर मांडून ठेवावयाच्या आणि रुग्णाने त्यांतील एक निवडावयाची; निवडलेली वेळ मग दुसऱ्यास मिळत नाही. सभागृहासाठी स्वतंत्र दिनदर्शिका काढून तिला वेगळा रंग द्यावा. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोफत मिळणाऱ्या खात्यात अशी सभागृहाची दिनदर्शिका काढली, तर एकाच संध्याकाळी दोन लग्नांची नोंद करणाऱ्यास ती अडवीत नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दाखवून ती गप्प राहते. म्हणून सभागृहाची नोंद करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा आणि इतरांनी ती केवळ पाहावी.

निमंत्रण गेले की त्याखाली तीन उत्तरे येतात: होय, नाही आणि कदाचित. आमच्या शाळेत सूचना वही घेऊन शिपाई वर्गावर्गांतून फिरतो आणि शिक्षक तीवर सही करतात. ती सही म्हणजे 'वाचले' एवढेच. 'येतो' असे नव्हे. येथे 'होय' म्हटले म्हणजे येतो असा शब्द दिला, असा अर्थ होतो. मराठी माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणे जड जाते, म्हणून तो 'कदाचित'वर बोट ठेवतो आणि आपण सभ्यपणा केला असे समजतो. परंतु बारा जणांनी 'कदाचित' म्हटले तर चहा किती जणांचा सांगावा आणि गणपूर्ती होणार की नाही, हे चिटणिसांनी कोणत्या पंचांगात पाहावे? स्पष्ट 'नाही' हा बोलावणाऱ्याचा अपमान नव्हे. त्याच्यावरचा तो उपकारच आहे.

येथवर साधनाची ओळख झाली. आता पथ्याकडे वळतो, कारण खरा प्रश्न तेथेच आहे.

सामाईक दिनदर्शिकेत दुसऱ्याचा दिवस आपल्याला दिसतो. ज्या वेळा भरलेल्या आहेत त्या रंगविलेल्या, उरलेल्या पांढऱ्या. पांढरा चौकोन पाहिला की बोलावणाऱ्याच्या मनात येते, हा मनुष्य मोकळा आहे. शिक्षकांना या समजुतीचा अनुभव फार जुना आहे. आमच्या वेळापत्रकात ज्याला 'रिकामा तास' म्हणतात, त्या तासाला शिक्षक चाळीस वह्या तपासतो, पुढच्या तासाचे टिपण काढतो, किंवा चार तास उभे राहून बोललेला घसा गरम पाण्याने शेकतो. तरीही कोणी शिक्षक गैरहजर असला की पर्यवेक्षकांचे बोट त्याच चौकोनावर पडते आणि बदली तासाची चिठ्ठी येते. तास रिकामा असतो, याचा अर्थ माणूस रिकामा असतो असा नव्हे. दिनदर्शिकेत न लिहिलेले आयुष्य लिहिलेल्यापेक्षा नेहमीच मोठे असते. येळ्ळूरच्या शेतकऱ्याने भाताच्या सुगीचे दिवस फोनवर लिहून ठेवलेले नसतात. सासूबाईंना औषध देण्याची वेळ सूनबाई दिनदर्शिकेत नोंदवीत नाहीत. म्हणून पांढरा चौकोन पाहून बोलावणे धाडण्यापूर्वी एकदा विचारावे. विचारणे हाच बोलावण्याचा पहिला भाग आहे.

त्याचप्रमाणे ज्यांना आपली अडचण सांगावयाची नाही, त्यांच्यासाठीही या साधनात योग्य सोय आहे. दिनदर्शिका दुसऱ्यास दाखविताना केवळ 'व्यस्त' आणि 'मोकळा' एवढेच दिसावे, तपशील दिसू नये, असे ठरविता येते. शुक्रवारी दुपारी जुम्याच्या नमाजाची वेळ मी आठवड्यागणिक अडवून ठेवू शकतो. कोणी संकष्टीची संध्याकाळ ठेवील. कोणी सभासद डायलिसिससाठी इस्पितळात जात असेल, तो ते तीन-चार तास ठेवील. सहकाऱ्यांना 'व्यस्त' एवढेच कळते, आणि तेवढेच पुरे आहे. कारण विचारण्याचा मोह आवरणे ही सभ्यतेची गोष्ट. ती कोणत्याही यंत्रात बसविता येत नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. पूर्वी सभा बोलावणे कष्टाचे काम होते. सूचना लिहावयाची, तिच्या प्रती काढावयाच्या, शिपायाला सायकलवरून टिळकवाडी ते अनगोळ फिरवावयाचे. त्यामुळे सभा खरोखरच हवी काय, याचा बोलावणारा दोनदा विचार करी. आता बारा जणांची नावे लिहून बोट दाबले की काम झाले. बोलावणाऱ्याचे कष्ट संपले, पण सभेचा खर्च संपला नाही; तो सगळा बोलावलेल्यांच्या अंगावर गेला. बारा माणसे एक तास बसली म्हणजे बारा तास गेले. सहा तासांची शाळा धरली तर एका शिक्षकाचे शाळेचे दोन पूर्ण दिवस! एवढा वेळ खर्चून जे ठरले, ते दोन दूरध्वनींत ठरले असते काय, हे सभा बोलावण्यापूर्वी स्वतःला विचारावे. ज्यांचे मत हवे त्यांनाच बोलवावे. ज्यांना केवळ कळवावयाचे आहे त्यांना निर्णय कळवावा. आणि सभेचे काम वीस मिनिटांत आटोपले, तर तास भरला नाही म्हणून बसून राहू नये.

याच दिनदर्शिकेत एक लहानशी युक्ती आहे, ती मला फार आवडते. अर्ध्या तासाची सभा आपोआप २५ मिनिटांची आणि तासाची सभा ५० मिनिटांची धरावी, असे तीत एकदा सांगून ठेवता येते. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चालत जावयास आणि फळा पुसावयास वेळ लागतो, हे शाळेला आधीपासून माहीत आहे. कचेऱ्यांना ते उशिरा उमगले.

तिसरी गोष्ट आपल्या देशाची खास आहे. जगाच्या पुष्कळ भागांत एक दिनदर्शिका पुरते. आपल्या गावात तीन-चार नांदतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ शके या दिवसापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. परंतु कचेरी चालते इंग्रजी तारखेवर, सण येतात पंचांगाप्रमाणे, आणि ईद येते चंद्रदर्शनाप्रमाणे. फोनवरील दिनदर्शिकेला 'दर वर्षी हाच दिवस' असे सांगितले की ती इंग्रजी तारीख धरते. वाढदिवसाला ते ठीक. गणेश चतुर्थीला ते चालत नाही. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून आमचे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सरकत साऱ्या ऋतूंतून फिरतात. शिवाय चंद्र दिसल्यावाचून महिना लागत नाही, त्यामुळे दिनदर्शिकेत आगाऊ छापलेली ईदची तारीख एका दिवसाने मागेपुढे होऊ शकते. शिवजयंती महाराष्ट्र सरकार १९ फेब्रुवारीला साजरी करते. आपल्या बेळगावात ती वैशाखातल्या तिथीप्रमाणे होते आणि चित्ररथांची मिरवणूक पाहावयास सारा तालुका लोटतो. परगावच्या पाहुण्याने केवळ आपल्या फोनवरच्या सुट्ट्या पाहून त्या दिवशी आपल्या संस्थेची सभा ठेवली, तर त्याला रस्ताही मिळणार नाही आणि सभासदही मिळणार नाहीत. म्हणून दर वर्षी जानेवारीच्या आधी पंचांग, हिजरी वर्ष, ख्रिस्ती सण आणि शाळांच्या परीक्षा समोर ठेवून त्या तारखा हाताने दिनदर्शिकेत भराव्यात. एका बैठकीचे काम आहे. पण त्या बैठकीला निरनिराळ्या घरांतील माणसे असावीत.

दोन नोंदी एकमेकींवर आल्या की यंत्र त्या दाखविते. पुढचे काम माणसाचे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबर या एकाच तारखेस आल्या. मुंबईच्या रस्त्यांवर त्या दिवशी गणेशविसर्जनाची गर्दी असणार, हे जाणून तेथील मुसलमान पुढाऱ्यांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले, आणि महाराष्ट्र सरकारने ईदची सुटी २९ तारखेस दिली. तारखा एकत्र येणार हे पंचांगावरून आधीच कळण्यासारखे होते. परंतु आपला दिवस पुढे नेण्याचे जे ठरले, ते माणसे एकत्र बसून बोलली म्हणून. लहान प्रमाणात आपल्या सभागृहाच्या बाबतीतही दर वर्षी असे प्रसंग येतात. अशा वेळी 'आमची नोंद आधीची' एवढेच म्हणून भागत नाही. कोणाला आपला दिवस हलविणे कमी जड जाईल, हे विचारून ठरवावे लागते. आणि ज्याने हलविला त्याची ती उदारता इतिवृत्तात लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्यास तिची आठवण राहील.

घड्याळाचा प्रश्नही याच जातीचा आहे. १९०६ साली भारताची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई शहरात पुढे कित्येक दशके 'मुंबई टाइम' ३९ मिनिटांनी मागे चालत असे, आणि भेट ठरविताना कोणत्या घड्याळाप्रमाणे हे सांगावे लागे. आज आपली मुले परदेशी गेल्यामुळे तोच प्रश्न पुन्हा आला आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तेथे मार्चच्या अखेरीस घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा मागे घेतात. आपल्या येथे संध्याकाळी सहाला ठेवलेली दूरसभा लंडनच्या सभासदास जानेवारीत दुपारी साडेबाराला येते आणि जूनमध्ये दीडला. हा हिशेब दिनदर्शिका आपोआप करते, हा तिचा मोठाच गुण. प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते. फक्त निरोप धाडताना नुसते 'सहा वाजता' न लिहिता 'भारतीय वेळेप्रमाणे' असे लिहावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण स्वीकारले, ती सांगतो. एका संस्थेतील हकीकत आहे. नाव घेण्याचे कारण नाही. माझ्या वर्गातील एका मुलीला शिष्यवृत्तीच्या मुलाखतीस बोलावले होते. वडील नाहीत, आई चार घरची कामे करते. मुलाखत शनिवारी होती. आईने एका दिवसाचा खाडा केला, मुलीला घेऊन खेड्यावरून बसने आली, तो कचेरीला कुलूप. मुलाखत रविवारवर नेली होती. समितीतील पाचही जणांच्या फोनवर तो बदल शुक्रवारी सकाळीच दिसत होता; पाचांनीही 'होय' म्हटले होते. त्या बाईंना ई-मेल नव्हता, म्हणून त्यांचे नाव निमंत्रितांत नव्हते. रविवारी त्या आल्या नाहीत. दुसरा खाडा त्यांना परवडणारा नव्हता, आणि रविवारी मुलाखत आहे हे तरी त्यांना कोणी सांगितले होते? शिष्यवृत्ती यादीतील पुढच्या विद्यार्थ्यास गेली. मी चौकशी केली तेव्हा चिटणिसांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितले की, 'आम्ही सर्वांना कळविले होते.'

मंडळी, या 'सर्वांना' शब्दाचा आपण विचार करावा. ज्यांची नावे निमंत्रितांच्या यादीत आहेत ते 'सर्व' नव्हेत. ज्यांच्यासाठी धर्मादाय संस्था असते, तेच बहुधा त्या यादीच्या बाहेर असतात. दिनदर्शिका समितीचे काम सोपे करते, ही गोष्ट चांगली; पण ते सोपे होताना दाराशी येणाऱ्याचे काम अवघड होत नाही ना, हे पाहणे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. म्हणून नियम असा असावा की, जो नोंद हलवील त्यानेच यादीबाहेरच्या प्रत्येकास दूरध्वनी करावा, आणि 'कळविले' असे तपशिलाच्या रकान्यात वेळेसह लिहावे. ज्याच्याकडे फोनही नाही त्याच्या शेजाऱ्याकडे, किंवा मुलांच्या शाळेत निरोप द्यावा. आम्ही शिक्षक तो निरोप आनंदाने पोचवू.

एक इशारा गुप्ततेबद्दल. दिनदर्शिका 'सार्वजनिक' करण्याची एक खूण तीत असते. ती केली म्हणजे आपल्या सभासदांनाच नव्हे, साऱ्या जगाला ती पाहता येते. सभागृहाच्या तारखा तशा दिसल्या तर हरकत नाही. पण दवाखान्यात कोण केव्हा येतो आणि मदतीसाठी कोणी अर्ज केला, ही नावे कधीही उघड्या दिनदर्शिकेत लिहू नयेत. तेथे अर्जाचा क्रमांक लिहावा. एका बोलावण्यात अनेक अर्जदार असतील तर त्यांना एकमेकांची नावे दिसणार नाहीत, अशी व्यवस्था करता येते. ती आवर्जून करावी. मदत घेणाऱ्याचे नाव झाकणे ही दानाची जुनी रीत आहे, आणि ती सर्वच धर्मांनी शिकविली आहे.

दुसरा इशारा कारभाराबद्दल. संस्थेची दिनदर्शिका चिटणिसांच्या खासगी खात्यात असू नये. पदाधिकारी बदलतात, गाव सोडतात, कधी जगही सोडतात. मग किल्ली कोणाकडे? संस्थेच्या नावाचे खाते काढावे, अधिकार दोघांकडे असावेत, आणि मुख्याध्यापक बदलताना जसा रीतसर चार्ज दिला जातो, तसा खात्याचा परवलीचा शब्द इतिवृत्तात नोंद करून सोपवावा. शब्द मात्र इतिवृत्तात लिहू नये! तसेच फोनवर निमंत्रण गेले म्हणजे सर्वसाधारण सभेची कायदेशीर सूचना झाली, असे समजू नये. संस्थेच्या घटनेत सूचनेची जी रीत व जी मुदत सांगितली आहे, ती पाळलीच पाहिजे.

हे सारे आपल्या संस्थेने कसे आचरणात आणावे, याविषयी चार सूचना करून मी थांबतो. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून सभागृह, दवाखाना आणि समित्यांच्या सभा अशा तीन स्वतंत्र दिनदर्शिका संस्थेच्या खात्यात सुरू कराव्यात. दर सोमवारी सकाळी त्या आठवड्याचा तक्ता कागदावर छापून दारातील फलकावर लावावा; त्यात सभागृहाच्या व समित्यांच्या वेळा असाव्यात, रुग्णांची व अर्जदारांची नावे नसावीत. वर्षाच्या आरंभी सर्वांचे सण आणि परीक्षा त्यांत एकत्र भराव्यात. आणि वरच्या इयत्तांतील मुलामुलींनी सुटीत येथे बसून ज्येष्ठांना हे साधन शिकवावे. मुलांना ते येते; शिकविताना त्यांना धीर धरावयास येईल, हा त्यांचा अधिक लाभ.

आमच्या घरी 'अमानत' हा शब्द फार जपून वापरतात. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली वस्तू, जी जशीच्या तशी परत द्यावयाची, ती अमानत. मराठीत आपण 'ठेव' म्हणतो, आणि 'न्यास' या शब्दाचा मूळ अर्थही तोच आहे. पैशाची ठेव आपल्या संस्थेने पन्नास वर्षे चोख सांभाळली. तिचे हिशेब दर वर्षी आपण सर्वांनी पाहिले आहेत. सामाईक दिनदर्शिका हाती घेताना आणखी एक ठेव आपल्याकडे येत आहे, ती म्हणजे लोकांचा वेळ. पैसा चुकून खर्च झाला तर वर्गणी काढून भरता येतो. त्या बाईंचा शनिवार मात्र कोणत्याही संस्थेला भरून देता आला नसता.